रुग्ण आणि डॉक्टर यांची भागीदारी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या दवाखान्यांबाहेर, एसटीत आणि ओट्यावर जे प्रश्न नेहमी ऐकू येतात ते इथे घेतले आहेत. बहुतेक रुग्णांचे आणि घरच्यांचे आहेत, काही डॉक्टरांचे. आजारावरचा उपचार इथे सापडणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचा. डॉक्टरांशी बोलायचं कसं, कायदा काय म्हणतो आणि अडलं तर कुठे जायचं, एवढंच इथे आहे.

डॉक्टरांना कळतं ते मला कुठे कळतं? मग भागीदारी कसली?

तुमच्या रक्ताच्या रिपोर्टचा अर्थ त्यांना कळतो. पण गोळी घेतल्यावर दुपारी निंदणी करताना चक्कर येते का, रात्री किती वेळा उठावं लागतं, महिनाअखेरीस औषधाला पैसे उरतात का, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. या दोन माहित्या एकत्र आल्या नाहीत तर चिठ्ठी अगदी बरोबर असूनही घरी गेल्यावर ती चालत नाही.

भागीदारी आहे की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे: तपासणीच्या खोलीत दोन्ही बाजूंना खरं बोलता येतं का? रुग्णाला ‘गोळ्या मधेच सोडल्या’ किंवा ‘एवढे पैसे नाहीत’ असं म्हणता आलं पाहिजे. डॉक्टरला ‘अजून निदान पक्कं नाही’ किंवा ‘हे आपल्याकडे होत नाही’ असं म्हणता आलं पाहिजे. गोड बोलणं चांगलंच, पण ते यानंतर. आपल्याकडे एकाच आठवड्यात डॉक्टरला देव म्हणतात आणि लुटारूही म्हणतात. दोन्हींत त्याच्याशी नीट बोलणं राहूनच जातं.

दोन मिनिटांत नंबर उरकतो. त्यात काय काय सांगू?

दोन मिनिटं ही तक्रार खरीच आहे. २०१७ साली अनेक देशांतल्या तपासणीच्या वेळेचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या प्राथमिक तपासणीची वेळ सव्वादोन मिनिटांच्या आसपास होती, बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. म्हणजे तुमचे डॉक्टर फार वेगळे नाहीत, व्यवस्थाच तशी आहे.

म्हणून आधी ठरवून जा. सर्वांत जास्त भीती ज्याची वाटते ते पहिलं सांगा. बरेच जण सर्दी-खोकल्यापासून सुरुवात करतात आणि दाराशी पोचल्यावर, चप्पल घालता घालता म्हणतात, ‘साहेब, छातीतही थोडं दुखतं.’ तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो. कधीपासून, किती वेळा, कशाने वाढतं आणि कशाने उतरतं, हे आधी मनात जुळवून ठेवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. ‘ती पांढरी गोल गोळी’ या वर्णनावरून कुणालाही औषध ओळखता येत नाही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून तीन ओळी लिहून घ्या.

डॉक्टर मधेच तोडतात. बोलूच देत नाहीत.

हे जगभर चालतं. अमेरिकेत १९८४ साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला अडवतात. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये उलटं करून पाहिलं. डॉक्टरांनी रुग्णांना अडवलंच नाही. रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. ‘बोलू दिलं तर दिवसभर सांगत बसतील’ ही भीती त्या आकड्याने तरी खोटी ठरवली. डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: पहिलं दीड मिनिट देऊन बघा.

आणि रुग्णांसाठी: अडवलं तर गप्प होऊ नका. ‘साहेब, अजून एक गोष्ट राहिली, ती महत्त्वाची आहे’ एवढं म्हणा. यात उद्धटपणा काही नाही.

मला अहिराणीतच नीट सांगता येतं. तिथे तसं बोललं तर हसतील का?

हसणाऱ्याची लाज तुम्ही का घ्यायची? ‘मन्हं पोट दुखी ऱ्हायनं’ हे वाक्य पूर्ण आहे, त्याची प्रमाण मराठी करायला बसलात तर दुखणं बाजूला राहतं आणि व्याकरण सांभाळण्यातच वेळ जातो. धुळे-जळगावात वाढलेल्या बहुतेक डॉक्टरांना अहिराणी समजते, बरेच जण घरी बोलतातही. ते पांढरा कोट घातल्यावर विसरतात एवढंच. ज्या डॉक्टरने ‘काय तरास शे, माय?’ असं विचारलं त्याला म्हातारी निम्मं जास्त सांगते, हे कुठल्याही कंपाउंडरला विचारा.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा-मोलगीकडे, प्रश्न याहून अवघड आहे. तिथे पावरी, भिली बोलणारा रुग्ण आणि लातूर किंवा पुण्याहून आलेला तरुण डॉक्टर यांच्यात मराठीही पुरत नाही. मग दुभाषी म्हणून जो जवळ असेल तो उभा केला जातो. इथे काळजी घ्या. बाईच्या अंगावरून जाण्याबद्दल तिच्या दहा वर्षांच्या मुलाला विचारायला लावू नका, आणि सासूचा प्रश्न असेल तर सुनेच्या तोंडून अर्धंच उत्तर येईल हे गृहीत धरा. आशाताई किंवा परिचारिका असेल तर ती बरी. दुभाष्यानेही स्वतःची भर घालू नये. रुग्ण मिनिटभर बोलला आणि दुभाषी म्हणाला ‘ताप आहे म्हणतो’, तर मधलं सगळं कुठे गेलं हे डॉक्टरने विचारायलाच हवं.

गोळ्या बंद केल्या असं सांगितलं तर डॉक्टर रागावतात. मग खोटंच बोलावं लागतं.

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो.

समजा रक्तदाबाची गोळी तुम्ही महिनाभर घेतलीच नाही. दवाखान्यात रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरने विचारलं, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ तुम्ही मान हलवली. आता डॉक्टरला वाटणार की ही गोळी पुरत नाही, आणि तो डोस वाढवणार किंवा दुसरी गोळी जोडणार. वाढलेल्या रक्तदाबाच्या भीतीने तुम्ही घरी जाऊन सगळ्या एकदम सुरू केल्या तर रक्तदाब एकाएकी खाली येऊन चक्कर येईल, पडाल. एका ‘हो’मुळे एवढं होतं. शेतकरी माणूस कपाशीवर आधी काय फवारलं हे कृषी केंद्रवाल्यापासून लपवत नाही, कारण पुढची फवारणी त्यावरच ठरते. इथेही तसंच आहे.

बंद का केल्या, तेही सांगा. कारण बहुधा साधंच असतं: पैसे संपले, बरं वाटलं, खोकला सुरू झाला, लघवीला वारंवार जावं लागतं आणि कापूस वेचायला गेल्यावर बाईमाणसाला आडोसा नसतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी खरोखर कोरडा खोकला येतो आणि काहींनी लघवी वाढते. दोन्हींना पर्याय असतात. पण खोकला गोळीचा आहे हे कळलं तर डॉक्टर गोळी बदलेल ना.

डॉक्टरांनी प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला तर निम्मं काम होतं. ‘रोज घेता ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर येतं. ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेली? सगळ्यांचंच राहतं’ असं विचारलं की माणूस मोकळा होतो. आणि त्याने खरं सांगितल्यावर ओरडू नका. एकदा ओरडलात की तो पुढची दहा वर्षं मान हलवत राहील.

आधी भगताकडे जाऊन आलो. हे सांगायचं का?

सांगायचं. विशेषतः काही जडीबुटी, काढा, भस्म पोटात गेलं असेल तर नक्कीच, कारण काही झाडपाला आणि धातूंची भस्मं यकृताला किंवा किडनीला त्रास देऊ शकतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधाशी भांडू शकतात. चटके दिले असतील, दंश झालेल्या जागी चिरा मारल्या असतील, तेही सांगा. साप चावला असेल तर किती वाजता चावला आणि मधला वेळ कुठे गेला हे डॉक्टरला मिनिटासकट कळलं पाहिजे. सर्पदंशावर भगताकडे थांबू नका, हे मी इथे आडवळणाने सांगणार नाही.

डॉक्टरांना एक सांगायचं आहे. भगताकडे माणूस अडाणीपणापोटीच जातो असं नाही. तो पाड्यात राहतो, रात्री उठतो, त्याच भाषेत बोलतो आणि घरातल्या सगळ्यांना नावाने ओळखतो. आरोग्य केंद्र पंधरा किलोमीटर घाट उतरून खाली, आणि तिथे पोचल्यावर ‘एवढा उशीर का केला?’ हे पहिलं वाक्य. काही ठिकाणी भगतालाच विश्वासात घेऊन ‘हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या’ असं म्हणायला तयार केलेलं आहे. हे मला भाषणांपेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

डॉक्टर सलाईन लावत नाहीत. मग पैसे कशाचे घेतात?

तपासण्याचे आणि विचार करण्याचे. पाणी पिता येत असेल, उलट्या होत नसतील तर बहुतेक वेळा सलाईनची गरज नसते. त्यात मुख्यतः पाणी, मीठ आणि कधी साखर असते, ‘ताकद’ नसते. आपण सलाईन मागतो, ते देत नाहीत, आपण शेजारच्याकडे जातो आणि तो लावतो. यात ‘न लावणारा’ डॉक्टर तोट्यात जातो. विषाणूच्या तापात अँटिबायोटिक मागण्याचंही तेच. भागीदारीतली ही आपली बाजू आहे आणि ती आपण सांभाळत नाही, हे मान्य करायला हवं.

पथ्य सांगतात ते आमच्या घरी शिजतच नाही.

‘ओट्स खा, सॅलड खा’ असा छापील कागद हातात पडतो. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या डब्यात भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी असते. तो कागद आठ दिवसांत चुलीत जातो.

पथ्य ताटापासून सुरू करा. रोज काय खाता, हे डॉक्टरला किंवा आहारतज्ज्ञाला जसंच्या तसं सांगा, लाजून ‘साधंच जेवतो’ म्हणू नका. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, बाजरी, वांग्याचं भरीत, मेथी, हे सगळं ठेवूनच मधुमेहाचं ताट बसवता येतं. प्रश्न असतो किती आणि कधी याचा. रक्तदाब असेल तर शेव, पापड, लोणचं, खारं यांकडे बघावं लागेल. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. रावेर-यावलकडे केळी घरचीच असतात, पण किडनीच्या आजारात पोटॅशियम वाढलं असेल तर तीच केळी आवरावी लागतात. केळी घरची आहेत आणि रोज चार खाल्ली जातात, हे डॉक्टरने न विचारताही सांगा.

सणाचंही आधी बोलून घ्या. श्रावणात कानबाई बसल्यावर रोट खाणारच, मग खोटं वचन कशाला? चैत्रात गडावर पायी जाण्याचा नवस असेल तर इन्सुलिन घेणाऱ्याने, लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याने, पायाला मुंग्या येणाऱ्याने निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरकडे जाऊन यावं. धुळ्याहून सप्तशृंगीपर्यंत त्या उन्हात चालायचं म्हणजे पाणी, मीठ, डोस, पादत्राणं या सगळ्याचा विचार लागतो. ‘जाऊ नका’ एवढंच म्हणणाऱ्या डॉक्टरला पुढच्या वर्षी कुणी सांगणारही नाही, न सांगता जातील. रमजानच्या रोजांचंही तेच.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातो. उपचार मधेच तुटतो.

जाण्याची तारीख डॉक्टरला आणि आशाताईंना आधी सांगा. मोठ्या आजारांची औषधं एका वेळी जास्त दिवसांची देता येतात का, तिकडे कुठल्या केंद्रातून मिळतील, हे तेव्हाच ठरतं. क्षयरोगाचा उपचार गावाबाहेर गेल्यावरही पुढच्या केंद्राकडे वर्ग करता येतो. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत. होळीला गावी परत याल तेव्हाची तपासणीची तारीख जाण्याआधीच घेऊन ठेवली तर उत्तम. काठीच्या होळीला सगळा डोंगर परततो हे आरोग्य खात्याला माहीत असायला हरकत नाही.

मुलाला सिकलसेल आहे. दुखायला लागल्यावर दवाखान्यात ‘नाटक करतो’ म्हणतात.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, छाती, पोट असह्य दुखतं. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, जास्त श्रम यांनी झटका येऊ शकतो. वेदना रक्ताच्या साध्या रिपोर्टात किंवा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. ज्याने लहानपणापासून असे झटके सोसले आहेत त्याला आपला झटका कोणत्या औषधाने आणि किती वेळात उतरतो हे नव्या ड्यूटी डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असतं. भागीदारीचं याहून सोपं उदाहरण मला सापडत नाही.

म्हणून एक कागद तयार ठेवा आणि नेहमीच्या डॉक्टरकडून त्यावर सही-शिक्का घ्या. आजाराचा प्रकार, नेहमीचं हिमोग्लोबिन, चालू औषधं, आधी रक्त चढवलं असेल तर कधी, मागच्या झटक्यात कशाने आराम पडला आणि कशाची ॲलर्जी आहे, हे त्यावर असू द्या. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरपुढे तो कागद तुमच्या वतीने बोलेल. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असेल तर ठरलेल्या वेळी रक्त तपासणं चुकवू नका. सिकलसेलमध्ये ताप आला किंवा श्वास लागला तर घरी वाट पाहायची नसते.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. २०४७ हे त्याचं उद्दिष्टाचं वर्ष आहे. त्यात तपासणी आणि कार्ड मिळतं. वाहक असणं, म्हणजे आजाराचं जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेलं असणं, म्हणजे आजार असणं नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. कार्ड मुलीच्या लग्नात अडचण आणेल म्हणून लपवलं जातं. समजावणाऱ्याने हे ‘गैरसमज’ म्हणून झटकू नये, त्या घराला ती भीती खरी आहे. मुलाचं कार्डही त्याच वेळी मागितलं जावं, एवढा आग्रह मात्र धरता येतो.

ऑपरेशनच्या कागदावर ‘इथे सही करा’ म्हणतात. वाचायला वेळ देत नाहीत.

वेळ मागा. जीवावर बेतलेली आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी. ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये सहीला घाई करण्याचं कारण नसतं. सही म्हणजे दवाखान्याने स्वतःला वाचवायला घेतलेला कागद, असं दोन्ही बाजूंना वाटतं, आणि तिथेच गडबड होते. चार प्रश्न विचारून घ्या: का करायचं, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, आणि नाहीच केलं तर काय होईल?

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. दुर्बिणीने तपासायला दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढायची संमती नव्हे, असा तो निकाल आहे. आपल्या भागात ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ हे वाक्य पस्तिशीतल्या बायांना सहज ऐकवलं जातं आणि घरचेही लगेच तयार होतात. गाठ असेल, रक्त जास्त जात असेल तर काही वेळा ते ऑपरेशन गरजेचं असतं. पण गोळ्या किंवा इतर उपाय आधी करता येतात का, अंडाशय ठेवणार की काढणार, काढल्यावर हाडांचं काय, हे तिला स्वतःला विचारता आलं पाहिजे.

सही तिची. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, शुद्धीत असलेल्या व्यक्तीच्या उपचारांना तिचीच संमती लागते. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान स्त्रीला नवऱ्याच्या सहीची अट नाही, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही जोडीदाराची संमती बंधनकारक नाही. घरच्यांशी बोलावं, जरूर बोलावं. तिच्याऐवजी त्यांनी ठरवू नये.

‘घरच्यांना सांगा, पण कॅन्सर आहे हे आबांना कळू देऊ नका’, असं आम्ही डॉक्टरांना सांगितलं. चूक केलं का?

माया म्हणून केलंत. पण आबांना बहुधा कळलेलं असतं. नाशिक-मुंबईच्या फेऱ्या, कुजबुज, आणि कधी नव्हे ते घरात आलेलं डाळिंब. ते तुमच्यासाठी गप्प, तुम्ही त्यांच्यासाठी गप्प. शेताच्या वाटणीचं, धाकटीच्या लग्नाचं, कुणाला भेटायचं राहिलं त्याचं बोलणं तसंच राहतं.

आपला आजार जाणून घेण्याचा हक्क रुग्णाचा आहे, आणि न जाणण्याचाही. म्हणून डॉक्टरने आबांनाच विचारावं: ‘रिपोर्टचं सगळं तुम्हाला सांगू का, की मुलाशी बोलू?’ काही म्हातारी माणसं खरंच म्हणतात, ‘तू पोराशी बोल.’ मग तसं करावं. फक्त तो निर्णय त्यांचा असू द्या.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर पहिले रागावतील.

रागावले तर रागावू द्या. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. पण चोरून जाऊ नका, आधीचे सगळे कागद घेऊन जा, म्हणजे त्याच तपासण्या परत कराव्या लागणार नाहीत. आणि पाच डॉक्टर फिरून प्रत्येकाच्या निम्म्या गोळ्या खाणं याला दुसरं मत म्हणत नाहीत.

फाइल, रिपोर्ट आम्हाला मिळतात का?

मिळतात. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेनुसार (२००२) रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्यायच्या असतात. दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षं जपायच्या असतात. झेरॉक्सचे पैसे लागू शकतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायची आहेत. मेडिकलवाल्यालाच कळणारं अक्षर ही आता गंमत राहिलेली नाही.

पैशांचं बोलायला लाज वाटते.

खर्च विचारणं म्हणजे घासाघीस नव्हे. ‘साहेब, माझ्याकडे आज एवढेच आहेत, यांतल्या कोणत्या तपासण्या आधी लागतील?’ असं विचारलं तर चांगला डॉक्टर क्रम लावून देतो. न विचारता अर्ध्याच गोळ्या विकत घेणारे फार आहेत, आणि कोणती अर्धी घ्यायची हे मग मेडिकलच्या काउंटरवर ठरतं.

खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं राज्याच्या २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी बंधनकारक केलं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची सुरुवात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत धुळे होतं. आता उपचारखर्चाचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेबाबत मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष असतो, दाखल होण्याआधी त्याला भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नको. हेल्पलाइन १५५३८८. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे येतात, त्यामुळे तिथे केसपेपरचे पैसे मागितले तर लगेच भांडायला उभे राहू नका.

मी डॉक्टर आहे. बाहेर शंभर पेशंट बसलेत. हे सगळं करायला वेळ कुठून आणू?

सगळं तुम्हीच करायचं नाही. समजावण्याचा मोठा भाग परिचारिका, समुपदेशक, आशाताई तुमच्यापेक्षा बरा करतात, त्यांना तो सोपवा आणि त्यांचं ऐका. तुमच्या वाट्याला एक सवय येते. शेवटी ‘समजलं ना?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘आता घरी गेल्यावर बाईंना काय सांगाल, कोणती गोळी कधी?’ असं विचारा आणि त्यांच्या तोंडून ऐका. चुकलं तर ‘माझं सांगणं राहिलं’ म्हणून परत सांगा. यात अर्धं मिनिट जातं. चुकीची गोळी खाऊन आठ दिवसांनी परत आलेल्या रुग्णाला किती मिनिटं जातात, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

२०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. नव्या मुलांना हे शिकवलं जातं. ओपीडीत मोठे साहेब कसे बोलतात ते पाहून ती मुलं ते विसरतात, हीही वस्तुस्थिती आहे.

नातेवाईक अंगावर येतात तेव्हा कसली भागीदारी?

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. मेंदूचे सर्जन उपलब्ध नव्हते. नातेवाइकांनी ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. जागा भरण्याचा अधिकार ज्याच्याकडे नव्हता, त्या मुलाने मार खाल्ला. याचं समर्थन कुठल्याही दुःखाने होत नाही. २०१० च्या राज्य कायद्याप्रमाणे अशा हल्ल्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे.

कायद्याने राग मात्र थांबत नाही. गंभीर रुग्णाच्या घरच्यांना तासाभराने का होईना, एकाच माणसाने, खाली बसवून, काय चाललंय ते सांगणं हा उपाय खूप ठिकाणी केला जात नाही. ‘इथे ही सोय नाही, तुम्हाला पुढे न्यावं लागेल, मी तिकडे फोन करतो’ हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं गेलं पाहिजे. आणि घरच्यांनीही वीस जणांनी वॉर्डात न शिरता बोलायला एक माणूस ठरवावा, शक्यतो शांत डोक्याचा. गावचा पुढारी नको.

गावपातळीवर आम्हाला काही करता येतं का?

येतं, आणि नंदुरबारने ते करून दाखवलं आहे. २००७ साली राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावातल्या लोकांनी उपकेंद्राची, औषधांची, बाळंतपणाच्या सेवेची प्रगतिपत्रकं भरली आणि जनसुनवाईत ती अधिकाऱ्यांपुढे ठेवली. डॉक्टर सुरुवातीला बिचकले. पण औषधं का नाहीत, गाडी का बंद आहे, याची उत्तरं वरून येत नाहीत हे लोकांना समोरासमोर कळलं, तेव्हा अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांची अडचण आणि गावाची तक्रार एकच निघाली.

आज तुमच्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि केंद्रावर रुग्ण कल्याण समिती. सदस्य कोण आहेत हे ग्रामपंचायतीत विचारा. कित्येकदा सदस्यालाच माहीत नसतं की तो सदस्य आहे.

एवढं करूनही वाईट वागणूक मिळाली तर?

आधी त्याच दवाखान्यातल्या प्रमुखाला लेखी कळवा. तारीख, वेळ, काय झालं, एवढंच लिहा, विशेषणं नकोत. खाजगी रुग्णालयाबद्दल नोंदणी करणाऱ्या यंत्रणेकडे जाता येतं: शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत हलगर्जी झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत २ वर्षं. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते, सर्वांनाच मोफत सेवा देणारे दवाखाने मात्र येत नाहीत. बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवणं रुग्णहक्कांच्या सनदेच्या विरोधात आहे. तसं झालं तर पोलिसांना फोन करा.

उपचार चुकूनच वाईट झाला असं प्रत्येक वेळी नसतं. आजारच वाईट असतो, असंही होतं. म्हणून तक्रारीआधी कागद घेऊन एखाद्या तटस्थ डॉक्टरला दाखवून या.

आणीबाणीत हे सगळे प्रश्न विचारत बसायचं का?

नाही. १०८ ला फोन करा, गरोदर माता आणि बाळासाठी १०२. नर्मदाकाठच्या आणि डोंगरातल्या पाड्यांत गाडी दारापर्यंत येत नाही, झोळी करून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. बाळंतपणाची तारीख जवळ आली की झोळी कोण धरणार, गाडी कुठे उभी राहणार, फोनला रेंज कुठल्या टेकडीवर मिळते, हे आशाताईंबरोबर आधीच ठरवा. अपघातातल्या रुग्णाला पहिला उपचार नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल आहे. पोलीस येईपर्यंत थांबायचीही गरज नसते. जाताना चालू गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.